डावा दंड

साखर पेठेतल्या त्या दुकानाला पाटी नव्हती.
कंपाउंडर विचारत यायचे,
"बीपीचं मशीन दुरुस्त करणारे चिलवेरी कुठं?"
शेजारचा शिंपी मान वर न करता
सुईनंच दाखवायचा.

आत आठ बाय सहा. मागं खिडकी, पण खिळे ठोकून बंद.
धूळ आली की पारा मळतो, नायना म्हणायचे.
मे महिन्यात पेपरात रोज छापून यायचं,
सोलापूरचा पारा चव्वेचाळीसवर.
"आपला बघ, गुमान ताटलीत बसलाय."

चामड्याच्या तुकड्यातून ते पारा गाळायचे,
पिळून, उघड्या बोटांनी,
आणि पोस्टकार्डाच्या कडेनं थेंब हाकत न्यायचे,
संध्याकाळी पिल्लं डालग्याखाली घालावीत तसे.
फरशीच्या भेगेत पळालेला थेंब मी शोधून द्यायचे.
एका थेंबाला एक लिमलेटची गोळी.
त्याच हातानं खायचे.

दुरुस्त झालेलं प्रत्येक यंत्र
आधी त्यांच्या डाव्या दंडावर बांधलं जायचं.
दुसरा माणूस होता कुठं दुकानात?
फुगा दाबायचा, कानात नळ्या, डोळे रेघेवर,
मग वहीत: तारीख, दवाखाना,
एकशे अठरा, शहात्तर. बरोबर.
हे "बरोबर" यंत्रासाठी.
माणूस बरोबर आहे, हे धरूनच चाललेलं.

एकोणीस वह्या आहेत. परवा माळ्यावरून काढल्या.
ब्याण्णव: एकशे अठरा.
अठ्ठ्याण्णव, जोडभावी पेठेतलं प्रसूतिगृह: एकशे सव्वीस.
मग एकशे चाळीस, पुढं बारीक अक्षरात "जेवण झालं होतं".
मग "जिना चढून आलो".
दुकानाला जिना नव्हता.
दोन हजार नऊपासून "बरोबर" हा शब्दच नाही.
"मशीन वाढवून दाखवतंय. दोन थेंब काढले."
"मशीन वाढवून दाखवतंय. दोन थेंब काढले."
लष्कर, होटगी रोड, विजापूर वेस.
सात पानं.

सिव्हिलजवळच्या डॉक्टर बागवान स्वतः आल्या, यंत्र काखेत धरून.
"चिलवेरी, हे दहानं कमी दाखवतंय."
नायना हसले, बाही वर केली.
बाईंनी आपलं नवं यंत्र बांधलं,
हवा सोडली. पुन्हा भरली. पुन्हा सोडली.
मग त्या खिडकीकडं बघत राहिल्या.

म्हणाल्या, रक्तवाहिनीला आतून अस्तर असतं, कोटाला असतं तसं,
फक्त एका पेशीइतकं पातळ.
तेच नळीला सांगतं, आता सैल हो.
पाऱ्याची वाफ श्वासातून रक्तात उतरत राहिली
की ते सांगणं हळूहळू बंद पडतं.
नळी ताठ होते. काळजाला जोर लावावा लागतो.
"पाऱ्यानंच, असं शपथेवर नाही सांगता येणार.
वय आहे, मीठ आहे, मशेरी आहे.
पण सतरा वर्षं बंद खोलीत...
आम्हीच पाठवत होतो ना यंत्रं."

मला कडक भाकरी आठवली,
डब्यात उभी रचलेली, वाकवली की मोडणारी.

नायना काहीच बोलले नाहीत.
त्यांचा पारा कधी चढलेला मी पाहिला नव्हता.
दुसऱ्या दिवशी सायकलला पिशवी अडकवली,
सात पानांची यादी घेतली
आणि काढलेले थेंब परत घालायला निघाले.
एकवीस पत्ते होते. यंत्रं सापडली नऊ.
बाकीची भंगारात, किंवा डॉक्टरच वारलेले.
एका ठिकाणी आता मोबाइलचं दुकान.

त्या नऊ नोंदी शेवटच्या वहीत आहेत.
प्रत्येक वेळी तोच दंड.
एकशे अडुसष्ट, शंभर. बरोबर.
एकशे बाहत्तर, एकशे दोन. बरोबर.

उरलेला पारा काचेच्या बाटलीत आहे, मूठभर,
उचलावा तर तान्ह्या मुलाएवढा जड.
घंटागाडीवाला नको म्हणतो.
खिडकीचे खिळे मी उपसलेत.
एक यंत्र ठेवून घेतलंय.
काल रात्री बांधलं, डाव्या दंडावर, माझ्या.
आकडा अजून वहीत लिहिलेला नाही.